दुसऱ्या पायाची घाई

“मग सगळे घरी गेल्यावर मी एकटीनं चालले, तर चालेल का, भन्ते?”

भन्ते विमलशील आंब्याखाली बसले होते. समोर विहाराच्या अंगणात चंक्रमणाची वाट होती. सरळ, झाडून स्वच्छ केलेली. सकाळी उपासक तिथं ओळीनं, एकेका पावलावर ध्यान ठेवून, सावकाश चालत.

“एकटीनं का?”

“माझी चाल बिघडलीय.”

हेमलताबाई रामटेके मुलींच्या शाळेत कवायत शिकवायच्या. गावातल्या कितीतरी बायका त्यांच्या शिट्टीवर ताठ चालायला शिकल्या होत्या. आता बाई निवृत्त झाल्या होत्या आणि उजव्या गुडघ्याची गादी झिजली होती. डॉक्टरांनी डाव्या हातात काठी धरायला सांगितलं होतं.

बाईंनी छत्री धरली होती.

भन्त्यांनी आभाळाकडे पाहिलं. कुठंही ढग नव्हता.

“वळताना तोल जातो,” बाई म्हणाल्या. “घरातच पडले. तेव्हापासून बाहेर पडत नाही. इथं येते तीही अंधारात निघून.”

“आणखी कुठं जायचं राहिलंय?”



“बाजारापलीकडे. मोठी बहीण अंथरुणाला खिळलीय. देवका. रोज फोनवर विचारते, येतेस का म्हणून.”

“रिक्षा मिळते.”

“तिच्या बोळात शिरत नाही. शाळेच्या फाटकाशी उतरून चालत जावं लागतं. माझ्याच शाळेच्या.”

भन्ते उठले.

“चला. आताच चालू.”

“अजून लोक आहेत, भन्ते...”

“आहेत.”

बाईंनी छत्री आंब्याला टेकवून ठेवली. मान वर, खांदे मागे, कवायतीच्या मैदानावर चालावं तशा त्या निघाल्या. वाट संपेपर्यंत कुणाला काही कळलं नसतं. टोकाला त्या वळल्या. गुडघ्यानं दगा दिला. भन्त्यांनी दंड धरला नसता तर त्या खाली आल्या असत्या.

बाजूचे उपासक थांबले. भन्त्यांनी मानेनंच त्यांना चालत राहायला सांगितलं.

“ही चाल कुणाची?”

“माझीच.”

“आजची?”

बाईंचा श्वास जोरात चालला होता.

विहाराच्या पडवीत म्हाताऱ्या उपासकांसाठी काठ्या ठेवलेल्या असत. भन्त्यांनी त्यातली एक आणली आणि बाईंच्या डाव्या हातात दिली.

“आता गुडघा नेईल तसं चाला. लक्ष पायांकडे.”

बाई चालू लागल्या. पावलं आखूड पडत होती. उजवा पाय टेकला की सगळं अंग त्या बाजूला झुकत होतं.

“काय दिसतं?”

“वाकडी चालते मी.”

“ते लोकांना दिसतं. तुम्हाला काय दिसतं?”

बाई पुन्हा निघाल्या. या वेळी नजर पावलांवरून हलवली नाही.

“उजवा पाय जमिनीवर फार टिकत नाही. तो टेकतो न टेकतो, तोच डावा घाईनं पुढं येतो.”

“कशासाठी?”

“दुखऱ्यावरचा भार घ्यायला.”

“त्याला कुणी बोलावलं?”

“कुणीच नाही.”

“चार लोक बघतात म्हणून थांबतो का तो?”

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. आंब्यावर साळुंक्या भांडत होत्या. बाईंनी पदरानं तोंड पुसलं, मग डोळे.

“देवकाला कूस बदलता येत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “शेजारीण येईल तेव्हाच कुणीतरी वळवतं तिला.”



बाईंनी कमरेतून वाकून त्यांना वंदन केलं. गुडघा मुडपेना, म्हणून उभ्याउभ्याच. काठी घेऊन त्या बाहेर पडल्या आणि घराच्या उलट दिशेला, बाजाराच्या रस्त्याला लागल्या. थोडं गेल्यावर थांबल्या. झटकन वळल्या नाहीत. काठी पुढं, मग एक पाऊल, मग दुसरं, असं करत मागं फिरल्या.

“भन्ते, शाळा भरायची वेळ झालीय. साऱ्या पोरी फाटकात असतील. बघतील.”

“बघू द्या,” भन्ते म्हणाले. “हे चालणं त्यांना अजून कुणी शिकवलेलं नाही.”