गोजराबाईचे लाडू

महाराजांच्या अंघोळीचं पाणी सलग चौथ्या दिवशी कोमट निघालं आणि सावरगड संस्थानात हलकल्लोळ माजला. नदीवरचा पूल वाहून गेला होता, पण तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलून दरबार आधी पाण्याचा विचार करायला बसला. राजवैद्यांनी हवेला दोष दिला, ज्योतिष्यांनी शनीला. कोठीचे कारभारी रंभाजीराव मात्र न्हाणीघराचं चुलाण पेटवणाऱ्या गोजराबाईकडे बोट दाखवून मोकळे झाले. ही बाई कोठीतलं तेल आणि सरपण वारेमाप उधळते, असं त्यांचं म्हणणं. खरं तर आषाढ लागल्यापासून वाळकं सरपण रंभाजीरावांच्याच परसात जात होतं आणि गोजराच्या वाट्याला ओली बाभूळ येत होती. पण कारभाऱ्यापुढे चुलाणवालीचं कोण ऐकणार?

महाराज एकदा बोलले की ब्रह्मदेव आला तरी शब्द फिरायचा नाही. त्यांनी हुकूम सोडला, की यापुढे चुलाणात आमच्या मालकीची काडीसुद्धा जाता कामा नये. रानातलं ओलं लाकूड आण, पण विकत घ्यायचं नाही, कुणाकडे मागायचं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी कडकडीत हवं. नाहीतर नोकरी गेली आणि न्हाणीघरामागची खोलीही गेली.

गोजराच्या घरात आंधळी सासू, बाहेर धो धो पाऊस. म्हातारीला घेऊन कुठं जायचं? ती वाड्याच्या मागल्या दारी येऊन बसली. तेवढ्यात मुदपाकखान्यातल्या बायांनी टोपल्या उकिरड्यावर उपड्या केल्या आणि गोजराचे डोळे चमकले. नारळाच्या शेंड्या, देवघरातल्या अर्धवट जळलेल्या तुपट वाती, मध पिळून टाकलेली पोळी, शेंगांची टरफलं! भिजायच्या आत तिनं सगळं पदराच्या ओट्यात भरलं आणि घरी चुलीपाशी वाळवलं. पोळ्यांचं मेण पातळ करून त्यात बाकीचं कालवलं आणि लाडवांसारखे गोळे वळले. एक गोळा पेटवून पाहिला, तर ओली बाभूळ पेट धरेपर्यंत तो विझायचं नाव घेईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंभाजीराव तिची फजिती बघायला चुलाणापाशी आले. ताटात लाडू रचलेले पाहून त्यांना वाटलं, बाईनं मुदपाकखाना लुटला. चोरीचा माल चाखून बघायची त्यांची जुनीच रीत होती. पुरावा म्हणून त्यांनी एक अख्खा लाडू तोंडात टाकला, आणि दातांत मेण, घशात शेंडी अशी गत झाली. खाकरत, थुंकत ते थेट न्हाणीघरात शिरले.

महाराज पंचा नेसून चौरंगावर बसले होते आणि घंगाळातून वाफा निघत होत्या. रंभाजीरावांनी तिथंच तक्रार केली, की लाडवात सगळा माल वाड्यातलाच आहे. गोजराला बोलावणं गेलं.

महाराज कडाडले, "शेंड्या आमच्या, वाती आमच्या, मेणही आमचं. अट मोडलीस."

"उकिरड्यावरलं समदं सरकारांचंच हाय?" गोजरानं विचारलं.

"अलबत! गडावरचा कण न् कण आमचा आहे."

"मग लई मोठा गुन्हा झालाय, सरकार. इतकी वर्सं सरकारांची दौलत लोक भिंतीपल्याड फेकत्यात. हुकूम द्या, सगळी आत्ताच उचलून सरकारांच्या शयनमहालात लावून देते. परवाची मासळीबी हाय त्यात. आन् सरकारांची नसंल, तर माझी अट मोडली नाय."

महाराजांनी हातातला तांब्या खाली ठेवला. त्यांनी रंभाजीरावांकडे पाहिलं, गोजराकडे पाहिलं, आणि असे खदाखदा हसले की चौरंग डळमळला.

"उकिरड्यातून जी एवढं काढते, तिच्या हातात कोठी दिली तर काय होईल!" ते म्हणाले. कोठीच्या किल्ल्या तिथल्या तिथे गोजराबाईच्या कमरेला गेल्या, खोली तिच्या नावानं झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून ओल्या बाभळीपुढे फुंकणी घेऊन रंभाजीराव बसले.