बिनवासाचं पाणी

बोरखेडचे नगराध्यक्ष दौलतराव म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार! भर सभेत ते गरजले, "एका टेबलावर सुरू झालेलं आरोग्य खातं आता नऊ माणसं पोसतंय. पाच वर्षांत गावात कॉलरा नाही, कावीळ नाही. मग हे लोक करतात काय? नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा घाण वास आणतात, एवढंच! खातं बंद करा."

होयबा सदस्यांनी बाकं बडवली. ठराव मंजूर!

आरोग्य निरीक्षक मालन ठोंबरेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठल्या, इमारतीमागच्या नदीवर गेल्या आणि पेला भरून आणला.

"घ्या साहेब. तुमच्या नळाला येतं तेच नदीचं पाणी. फक्त पावडर नाही. वास घेऊन बघा, अजिबात येणार नाही."

सगळी सभा बघत होती. दौलतरावांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "यात चिमूटभर पावडर टाका की."

"टाकली असती, साहेब. पण टाकणाऱ्यांना तुम्ही आत्ताच घरी बसवलंत ना!"