ठकूआजीची मूठ

लई वर्षांमागची गोष्ट, तुमच्या-माझ्या आजाच्या आजानं ऐकलेली. आसरखेड्याच्या नदीवर, डोहाच्या वरच्या अंगाला, ठकूआजीची पाणचक्की होती. नदीचा पाट चाकावर पडायचा, चाक दगड फिरवायचं आणि साऱ्या गावाचं दळण व्हायचं.

आजीचा एक नेम होता. दळण संपत आलं की पाटाला फळी लावून चाक थांबवायचं आणि शेवटची मूठ दगडाच्या तोंडात तशीच ठेवायची. रिकामं जातं फिरलं की ते माणूस मागतं, असं म्हणतात. हसू नका, तुमच्या घरीही रिकामं जातं कुणी फिरवत नाही.

एका दुष्काळी साली गावात थेंब नाही, पण वर डोंगरात कोसळला. भरदुपारी लोंढा आला आणि फळीच वाहून गेली. चाक काही थांबेना. चक्कीला लागूनच्या खोलीत आजीची सून सोना बाळंतीण होती. दगडातली मूठ संपली, तसं तिच्या लेकरानं दूध सोडलं. बारसंही झालं नव्हतं त्याचं.

आजीनं घरातली ज्वारी ओतली. बियाण्याची ओतली. तीही सरली, तेव्हा दारात येऊन तिनं गावाला हाक घातली, "घरटी एक मूठ आणा रे. माझा नातू चाललाय."

हाक घरोघर पोचली. पण जो तो म्हणाला, शेजारी देईलच की, आपल्या एका मुठीवाचून काय अडतंय? कुणी आलं नाही. गावं अशीच असतात, आपलंही त्यातलंच.

नातवाची पावलं गार पडली. आजीनं त्याला सुनेच्या कुशीत दिलं. म्हणाली, "सोना, काही ऐकू आलं तरी उठू नकोस." मग चक्कीत जाऊन तिनं आतून कडी घातली. जरा वेळानं दगडाची घरघर जड झाली, दाणा पडल्यासारखी. मग थांबली. इकडे लेकरू रडलं आणि दुधाला लागलं.

घरघर थांबली तसे लोक धावत आले. त्यांनी दार फोडलं. दगड ऊन होता, भोवती पांढरं पीठ सांडलं होतं. आजी कुठंच नव्हती. त्या पिठाला कुणी हात लावला नाही.

पुढं चाक कुजलं. तिथं कापसाचं गोदाम झालं, मग शाळा भरली, आता नळाच्या पाण्याची मोटर बसलीय. दगड मात्र कुणी हलवला नाही. पूर आला की मोटर बंद असतानाही आत घरघर होते, असं म्हणतात. गोदामवाल्यानं ऐकली, मास्तरांनीही ऐकली आणि पोरांना लवकर सोडलं.

अजूनही वर्षाच्या पहिल्या पुराला सारं आसरखेडं तिथं जातं. दगडात ज्वारी टाकून मोठ्यानं म्हणायचं, "आजी, ही माझ्या घरची." एकाची मूठ दुसऱ्यानं टाकायची नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यालाही खाटेवर घालून नेतात. शेजाऱ्यानं टाकली असेल, हे त्या दिवशी गावात कुणी म्हणत नाही.