पाचवं दार

"एक की सगळी? एवढंच सांगा, बाबा."

पायरीवर बूट काढता काढताच त्याने विचारलं. नमस्कार मागाहून केला. माझं डोकंच फिरलं. पण मठात आलेल्याला हटकायचं नाही, अशी दयानाथबाबांची शिस्त.

"कसली रे?" बाबा म्हणाले.

"सर्च इंजिनं."

हा पराग कुलथे. वेबसाइटी बनवायचा. तालुक्यातल्या सर्पदंश केंद्राची वेबसाइट त्याच्याच हातची. त्याने फोन काढला, 'साप चावला' असं लिहिलं आणि बाबांच्या नाकापुढे धरला.

"बघा! सगळ्यांच्या वर आपलं केंद्र."

"मग झालं की."

"हे एका सर्च इंजिनवर. बहुतेक लोक हेच वापरतात. बाकीची आहेत चार-पाच, त्यांना कुत्रं विचारत नाही. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, प्रत्येकाचे नखरे निराळे. मी म्हणतो, एकच धरावं आणि घट्ट धरावं. केंद्राच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळीकडे बघ, नाहीतर काम दुसऱ्याला देते. उद्या त्यांना उत्तर द्यायचंय."

"बाईंना असं का वाटलं?"

परागने फोन खिशात घातला.

"पावसाळ्यात केंद्राची जागा बदलली," तो म्हणाला. "नवा पत्ता मी या एकावर दिसेल असं केलं. बाकीच्यांवर... जुनाच राहिला. एका माणसाच्या फोनमध्ये दुसरंच सर्च इंजिन होतं, फोन घेतानाच आलेलं. त्याच्या बायकोला भाताच्या खाचरात साप चावला होता. तो तिला घेऊन जुन्या पत्त्यावर गेला. तिथे कुलूप."

"मग?"

"वाचली नाही."

बाबांनी डोळे मिटले. नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं, तेवढाच काय तो आवाज.

"पण असा हजारात एखादाच, बाबा!" परागचा आवाज चढला. "त्या एकासाठी सगळ्यांच्या मागे धावायचं?"

बाबा उठले. खुंटीवरची झोळी काढली आणि त्याच्या खांद्याला अडकवली.

"आज माधुकरीला तू जा. पाच घरं. केशव दारं सांगेल. दारात 'अलख' म्हणायचं. गाईची धार काढून होईल इतकं थांबायचं. मिळेल ते घ्यायचं आणि पुढच्या दारी जायचं."

"आणि माझं उत्तर?"

"जाऊन ये आधी."

मी त्याला पाचही दारं नीट सांगितली. शेवटचं वेशीजवळचं, निळ्या चौकटीचं.

तो गेला तसा परत आला. झोळी मात्र गच्च भरलेली. पोळ्या, भात, वर शिरासुद्धा.

"पहिल्याच घरात भरली, बाबा! इनामदारीणबाईंनी हात आखडता घेतलाच नाही. मग बाकीच्या चौघांना कशाला त्रास द्या? हेच तर मी मघापासून सांगतोय."

हसत होता. द्यावी एक ठेवून, असं मला वाटलं.

बाबांनी त्याला वाढलं, मला वाढलं. स्वतःचं पान रिकामंच ठेवलं.

"तुम्ही, बाबा?"

"माझं यायचंय अजून."

उत्तरासाठी पराग थांबून राहिला. दोनदा फोन पाहिला, तीनदा घसा खाकरला. बाबा धुनीपाशी बसून होते. ऊन कललं.

तेवढ्यात घाटाच्या पायऱ्यांवरून भागाबाई वर येताना दिसल्या. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. निळ्या चौकटीचं घर यांचंच. नवरा गेल्यापासून एकट्या. मठाची माधुकरी वाढल्याशिवाय त्या तोंडात घास घालत नाहीत. हे मी परागला सांगितलं नव्हतं. सांगायचं कशाला? दारं तर पाचच होती!

"बाबा बरे हायेत ना?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "आज हाक न्हाई आली. दुपारधरनं दारात बसले व्हते. म्हनलं, काय झालं असंल..."

"आजी, तुम्ही जेवला नाहीत?" परागने विचारलं.

"हाक आल्याबिगर कशी जेवू, लेकरा?"

पराग पायरीवर बसला. मला त्याचा राग होता, तो कुठे गेला कळलं नाही.

"तो माणूस..." तो म्हणाला. "बाबा, तो त्या कुलपापुढे उभा राहून हाका मारत होता. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं मला. दार वाजवत होता आणि डॉक्टर, डॉक्टर म्हणून ओरडत होता. हे मी कुणालाच सांगितलं नाही... डॉक्टरीणबाईंनाही नाही."

भागाबाईंना यातलं काही कळलं नाही. पोरगं रडतंय एवढं कळलं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्याने डोळे पुसले. झोळी उचलली, दोन्ही हातांनी तोंड उघडून त्यांच्यापुढे धरली.

"समजलं, बाबा. सगळी करतो. एकही सोडत नाही. आजी, घाला ती भाकरी. उपाशी राहू नका आता."

भागाबाईंनी फडकं सोडलं. भाकरी झोळीत पडणार, इतक्यात बाबांनी मध्ये हात धरला.

"इथं नाही."

"मग?"

"तिला घरी पोचव. दार लावून घेऊ दे. मग बाहेर उभा राहून हाक दे."