थांब म्हणणारी हौसाक्का

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मला आता मोजायचा कंटाळा येतो, आणि ज्यांनी मला ही सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. आमच्या माळखडीला तेव्हा रस्ता नव्हता, बाजाराला जायचं तर तीन डोंगर चढून उतरावे लागायचे, एवढं धरून चाला.

माळखडीत धोंडिबा नावाचा पाथरवट राहायचा. जाती, पाटे, उखळं घडवायचा. त्याचे हात एवढे मोठे होते की त्याच्या तळहातावर भाकरी पापडाएवढी दिसायची, असं म्हणतात. बायको आधीच गेलेली. घरात दोन लेकरं, थोरली हौसा दहा वर्षांची आणि धाकटा ग्यानू चार वर्षांचा.

एका भादव्यात ग्यानूला ताप भरला. उतरेचना. तेवढ्यात एक फिरता वैदू गावावरून चालला होता, त्यानं जालीम औषधाची पूड दिली आणि सांगितलं, "दोन चिमटी मधातनं द्या. जास्त न्हाई." एवढं सांगून तो आपल्या वाटेनं निघून गेला. वैदू काडीसारखा बारीक होता, त्याची बोटंही तशीच. त्याची चिमूट वेगळी आणि पाथरवटाची वेगळी, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

म्हणजे, एकीच्या आलं होतं. हौसा मधाची वाटी धरून बसली होती. बापाच्या बोटांत केवढी पूड आली ती तिला दिसली. तिच्या ओठावर आलं होतं, "आबा, थांबा." पण बापाला चुकलास म्हणायची आपल्यात रीत आहे का? ती गप्प राहिली. दिवस मावळायच्या आत ग्यानू गेला.

त्यानंतर धोंडिबानं उजव्या हातानं घास खाल्ला नाही. तो हात फक्त दगडाला लावायचा. पंक्तीत डाव्या हातानं जेवतो म्हणून लोक नावं ठेवायचे, म्हणून तो पंक्तीला जाईनासा झाला. आणि हौसा त्याच दिवशी म्हातारी झाली, असं म्हणतात. चालायची ती दमल्यासारखी, बोलायची ती दमल्यासारखी. पाणी भरून आली की हंडा उतरवून तशीच उभी राहायची, पुढं काय करायचं ते विसरल्यासारखी.

सोयरिकी यायला लागल्या तेव्हा ती बापाला म्हणाली, "आबा, मला औषधं शिकायची हायेत. आदी त्ये, मग बाकीचं."

गावानं तोंडात बोटं घातली. पाथरवटाच्या पोरीला ही नसती उठाठेव कशाला? धोंडिबानं मात्र नुसती मान हलवली.

तीन डोंगरांपलीकडच्या कसब्यात नरहरशास्त्री नावाचे वैद्य होते. हौसा चालत तिथं गेली. शास्त्रीबुवांनी विचारलं, "कशाला शिकायचंय, पोरी?"

"लोकांचं भलं करायला."

"सगळे हेच सांगतात," शास्त्रीबुवा म्हणाले. "आधी शंभर गुंजा घेऊन ये. सगळ्या एका वजनाच्या हव्यात. मग बघू."

गुंज म्हणजे ती लाल, काळ्या डोळ्याची बी. सोनार तिच्यावर सोनं तोलायचे आणि वैद्य औषध. कुंपणाकुंपणावर तिचे वेल असतात, त्यामुळे हौसाला वाटलं, आठ दिवसांचं काम आहे. तिला तीन वर्षं लागली. बाभळीची काडी आणि दोन करवंट्या घेऊन तिनं तराजू केला. दिवसभर बापाच्या दगडांची भुकटी उपसायची आणि उरलेल्या वेळात गुंजा तोलायची. ओल्या दिवसांतली बी जड भरते, उन्हाळ्यातली हलकी. वेलाच्या शेंड्याची वेगळी, बुडख्याची वेगळी. हजारांत एखादी जुळायची. डोळे लाल व्हायचे, मान आखडायची. कितीदा तरी तिनं सगळ्या गुंजा अंगणात भिरकावून दिल्या, आणि कितीदा तरी त्या परत वेचल्या. बाप शेजारी बसून तिच्यासाठी काळ्या दगडाचा खल घडवत होता. तो खल आतून इतका गुळगुळीत झाला की पाण्याचा थेंब त्यात टेकायचाच नाही, सारखा फिरत राहायचा, असं म्हणतात. तीन वर्षं बापलेक एकमेकांशेजारी बसले आणि ग्यानूचं नाव दोघांपैकी कुणीच घेतलं नाही.

शंभरावी गुंज जुळली, तशी खल डोक्यावर आणि गुंजा पदरात बांधून हौसा निघाली. कसब्यात पोचली तेव्हा पायांतून रक्त येत होतं. शास्त्रीबुवांच्या ओट्यावर ही गर्दी! तापाची साथ होती. म्हातारे शास्त्रीबुवा सकाळपासून जागचे उठले नव्हते. मोठ्या माणसाला सहा गुंजा, लहानग्याला दोन, असं त्यांच्या औषधाचं माप होतं. हौसा उंबऱ्याशी टेकली.

एक बाई पुढं आली, कडेवर तीन-चार वर्षांचं पोर. शास्त्रीबुवांनी तराजू उचलला. सकाळपासून सगळी मोठीच माणसं आली होती. हाताला सवय पडली होती. पारड्यात सहा गुंजा पडल्या.

हौसाला त्या दिसल्या. शेजारी दोन शिष्य बसले होते, त्यांनाही दिसल्या. पण शास्त्रीबुवांना कोण सांगणार? बाईनं पुडीसाठी पदर पसरला. आता तोंड उघडलं तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार, हे हौसाला स्वच्छ कळत होतं.

"थांबा!" ती ओरडली.

एक शिष्य तिला हाकलायला उठलासुद्धा. ती म्हणाली, "सहा हायेत. पोर ल्हान हाय."

शास्त्रीबुवांनी पारड्याकडं पाहिलं. एकेक गुंज बोटानं सारून मोजली. मग त्यांनी चार गुंजा काढून घेतल्या, औषध पुन्हा तोललं आणि तराजू खाली ठेवला. शिष्यांना त्यांनी विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं?" दोघांनी माना खाली घातल्या.

मग ते हौसाकडं वळले. "आता सांग. कशाला शिकायचंय तुला?"

तेव्हा तिनं पहिल्यांदा ते सांगितलं. "भावाच्या येळंला मला दिसलं हुतं. मी गप बसले."

"बस इथं," शास्त्रीबुवा म्हणाले. "औषधं मी शिकवीन. जे मला शिकवता येत नाही, ते तू घेऊनच आलीस." पदरातल्या गुंजा त्यांनी तोलूनसुद्धा पाहिल्या नाहीत, असं म्हणतात.

सात वर्षांनी हौसा माळखडीला परत आली. बाप खोकत पडला होता. तिनं खलात औषध घोटलं, तोललं आणि पारडं त्याच्यापुढं धरलं. "बघा आबा, बरोबर हाय न्हवं?" आणि तिला रडू फुटलं. "आबा, त्या दिशी मला दिसलं हुतं."

धोंडिबा म्हणाला, "ठाव हाय मला. वाटी हलली हुती तुझी. म्याच वर बघितलं न्हाई, पोरी."

त्या दिवशी त्यानं उजव्या हातानं भाकरी मोडली.

पुढं हौसाक्काचं नाव सात गावांत झालं. औषध चुकीचं पडलं की तिचा खल बर्फासारखा गार पडायचा, असं म्हणतात. मी काही हात लावून पाहिला नाही. पण एक गोष्ट खरी असावी. दमली की ती औषध द्यायची नाही. दारात रांग असली तरी खल पालथा घालून निजायची. लोक शिव्या घालायचे. ती म्हणायची, "दमल्याली चिमूट दगडावानी जड असतीया. मला घटकाभर पडू द्या." आणि पुडी बांधण्याआधी समोरच्या माणसांतल्या सगळ्यात लहान पोराला विचारायची, "बघितलंस?"

तो खल अजून आमच्या चावडीपुढं लिंबाखाली आहे. गावातलं कुणी पोर फार्मसी शिकायला निघालं की मार्कं किती पडली ते आम्ही नंतर विचारतो. आधी त्यानं खलापुढं बसून एक चिमूट मीठ उचलायचं आणि गावातल्या सगळ्यात लहान बोलत्या पोरानं म्हणायचं, "थांब!" मग निघालेल्यानं त्या शेंबड्या पोराच्या पाया पडायचं. गेल्या वर्षी एकीनं नाक मुरडलं होतं, पण पडली.

आणि घराघरात औषध घेताना धाकट्याला विचारायचं, "बघितलंस?" पोरं काय, गंमत म्हणून थांब म्हणतात. मग आम्ही कुरकुरत पाकीट पुन्हा वाचतो. परवा माझ्या नातीनं असंच म्हटलं. दिवसभर खेपा घालून माझा जीव मेटाकुटीला आला होता, गोळी तोंडाशी नेली होती, मी चिडलो. साडेतीन वर्षांची पोर, तिला काय कळतंय?

तरी पाकीट उजेडात धरलं. गोळी माझी नव्हती, आमच्या घरच्या म्हातारीची होती. मी खाली बसलो आणि नातीच्या पाया पडलो. ती हसत सुटली.