एका सभागृहाचा होकार

"कायदा झाला, आता जिन्याखालचे धंदे..." एवढंच खालून कानावर आलं आणि मेल्या कुकरनं शिट्टी दिली. जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या सगुणाचं घर त्या एका टेबलावर चालतं.

धावत खाली गेले, तर सोसायटीचे चेअरमन परचुरे पेपर नाचवत उभे. "जिन्याखालचे धंदे बंद करायचं विधेयक लोकसभेत मंजूर झालंय! आजच टेबल हलव."

सगुणानं इस्त्री उभी केली. "साहेब, तुमच्या लेकीला मुलानं पसंत केलं ना? मग लगेच पाठवणी केलीत?"

"छे! त्याच्या आईवडिलांचा होकार यायचाय."

"मग इथंही राज्यसभेचा होकार आणि राष्ट्रपतींची सही यायचीय. तोवर टेबल इथंच."

परचुरे पेपरची घडी करून जिना चढले.

बातमी अर्धीच खरी निघाली. उरलेल्या अर्धीच्या धास्तीनं आम्ही दोघी रोज संध्याकाळी बातम्या लावून बसतो.