मगरीच्या दाढेतले हाड

घनदाट जंगलातल्या एका डोहाकाठी एक तुतवार राहत असे. तुतवार म्हणजे मूठभर अंगाचा, सदा शेपटी हलवणारा पाणपक्षी. काम मात्र त्याने भल्याभल्यांची छाती दडपेल असे पत्करले होते. डोहातली मगर वाळूवर येऊन जबडा उघडी आणि हा आत शिरून तिचे दात कोरून देई. दातांत अडकलेले जे मिळेल, त्यावर त्याचे पोट. जबडा मिटण्याआधी मगरीने वाळूवर शेपटी आपटायची, म्हणजे त्याने बाहेर पडायचे, असा दोघांचा जुना रिवाज होता.

आता पोट म्हणाल, तर ते कधी भरे, कधी नाही. मोठी शिकार झाली की मगर सगळी गिळून झोपी जाई आणि हा काठावर ताटकळत बसे. त्यात तिच्या मागच्या दाढेत रानडुकराचे एक हाड रुतले होते. त्यापायी तिला जबडा पुरता मिटता येईना. तुतवार ते हाड रोज थोडे थोडे सैल करी. शेवटी तो कंटाळला. डोहापलीकडे रानम्हशींचा कळप उतरला होता. आमच्या पाठीवर बस आणि गोचीड टिपून खा, असा त्यांनी निरोप धाडला. मात्र दुसऱ्या दिवशी उन्हे चढायच्या आत कळप वरच्या कुरणाकडे निघणार होता.

तुतवाराने सरळ सांगून टाकले, "मावशी, उद्यापासून मी यायचो नाही. म्हशींकडे जातोय."

मगर रागावेल असे त्याला वाटले होते. ती रागावली नाही. तिने पाण्यात बुडी मारली आणि एक ताजा मासा त्याच्यापुढे आणून टाकला. "अरे, आधी नाही का बोलायचं? उद्यापासून माझ्या प्रत्येक शिकारीचा पहिला घास तुझा. तू काय मला परका आहेस?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण तुतवारांच्या शाळेत बहुधा शिकवत नसावेत. मासा खरा होता आणि चवीलाही छान होता. म्हशींच्या पाठी त्याने लांबूनच पाहिल्या होत्या. हातचे सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागा, असे म्हणून त्याने थांबायचे ठरवले. तरी एक प्रश्न मनात सलत राहिला. कालही मी हाच होतो, मग पहिला घास हिला आजच कसा सुचला?

उजाडताच तो वाळूवर उतरला. पलीकडे म्हशी उठून उभ्या राहत होत्या. "आधी मागची दाढ बघ," मगर गोड आवाजात म्हणाली. तो जबड्यात शिरला. हाड आता पुरते सैल झाले होते. शेवटचा हिसका द्यायला त्याने पाय रोवले आणि सवयीने दातांच्या फटीतून मगरीच्या शेपटीकडे पाहिले. शेपटी वाळूवर नव्हती. आज ती पाण्यात होती.

तुतवाराने हिसका दिलाच नाही. जिला खूण द्यायची असते, ती शेपटी वाळूवर ठेवते. हाड आहे तोवरच हा जबडा उघडा आहे. हाड निघाले, की पहिला घास मीच.

"मावशी, चोच बोथट झाली. दगडावर घासून येतो," तो म्हणाला. आवाज कापू नये म्हणून त्याने केवढा जोर लावला, ते त्याचे त्यालाच ठाऊक. एकेका दातावरून हळूहळू उड्या मारत तो कडेला आला आणि भुर्रकन उडाला. मगरीने संतापून जबडा मिटला, तसे सैल झालेले हाड पुन्हा खोल रुतले.

"परत ये रे, अख्खी शिकार देते," ती कण्हत म्हणाली. तुतवाराने मागे पाहिले नाही. म्हशी कुरणाची वाट चढू लागल्या होत्या. सगळ्यांत मागच्या म्हशीच्या पाठीवर तो टेकला.  म्हशीने चाल थोडी सावकाश केली.

तात्पर्य : निघतो म्हटल्यावर वाढलेला भाव आपला आहे की आपल्यावाचून अडलेल्या कामाचा, हे आधी पारखून घ्यावे.